दर हंगामास एक प्रेत

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या, आणि त्या चौतीस वर्षांत सातबारा, फेरफार व पीकपाहणी यांखेरीज अन्य वाङ्मय क्वचितच हाताळलेल्या मनुष्यास उतारवयात एखादे व्यसन जडावे, आणि ते तंबाखूचे, पत्त्यांचे किंवा निदान सहकारी सोसायटीच्या राजकारणाचे नसून, दर हिवाळ्यात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन एक थडगे उकरणाऱ्या व त्या थडग्यात चार हजार वर्षांच्या प्रेताशेजारी हटकून एक चार दिवसांचे प्रेतही हुडकणाऱ्या एका इंग्रज गृहिणीच्या सहवासाचे असावे, ही गोष्ट आमच्या घरात अद्याप कोणी मनापासून मान्य केलेली नाही. भाच्याने पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एस.टी.च्या प्रवासापुरते म्हणून उचललेले एक पुस्तक तो आमच्या नेवाशाच्या घरी विसरून गेला. पुढे ते लोणच्याच्या बरणीखाली बैठक म्हणून गेलेले पाहून (सौ. अशा बाबतीत पुस्तकाचा दर्जा पाहत नाही, जाडी पाहते) मी केवळ दयेपोटी ते उचलले. त्या दयेपायी पुढे आणखी एकोणीस पुस्तके घरात आली, आणि बरणीला बैठकींची कधीच वाण पडली नाही.

त्या गृहिणीचे नाव अमेलिया पीबॉडी. तिला जन्म देणाऱ्या बार्बरा मेर्ट्झ या विदुषीने शिकागो विद्यापीठातून 1952 साली इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली होती. पुढे एलिझाबेथ पीटर्स हे टोपणनाव धारण करून तिने 1975 साली या मालिकेतील पहिली कादंबरी लिहिली आणि मग उभ्या हयातीत ती थांबलीच नाही. 2013 साली ती वारली तेव्हा शेवटची कादंबरी अपुरी होती. ती दुसऱ्या लेखिकेने पुरी केली व 2017 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे एकूण वीस. नायिकेच्या कमरेला हत्यारांचा पट्टा, हातात भक्कम दांड्याची छत्री, आणि आपले अनुमान आजवर कधीही चुकलेले नाही असा दृढ ग्रह, जो प्रत्येक कादंबरीत निदान तीनदा खोटा ठरूनही तिळमात्र ढळत नाही. तिचा पती एमर्सन हा जगातील सर्वश्रेष्ठ उत्खननकर्ता असून त्याचा आवाज नाईलच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचतो. खून झाला म्हणजे त्यास मृताविषयी नव्हे, तर कामाचा एक दिवस बुडाला याविषयी मनस्वी दुःख होते. आणि ऐन पीकपाहणीच्या आठवड्यात मंत्रिमहोदयांचा दौरा निघाल्यावर आमच्या एका मामलेदारसाहेबांच्या चेहऱ्यावर हेच दुःख मी प्रत्यक्ष पाहिलेले असल्यामुळे एमर्सनविषयी मला पहिल्या पानापासूनच आपलेपणा वाटला.

या कुटुंबाचा क्रम ठरलेला. पावसाळा संपला, इंग्लंडात गारठा पडू लागला, की बाडबिस्तरा बांधून इजिप्त गाठायचे. तिथे तंबू ठोकायचे. पुराणवस्तुखात्याच्या अधिकाऱ्याने चांगली जागा दुसऱ्याला दिलेली असते म्हणून एमर्सनने आकांडतांडव करायचे. पहिला मजूर पहिली टोपली उचलतो न उचलतो तोच कोणीतरी मरायचे. आणि उन्हाळा लागण्याच्या आत खुनी हुडकून, खापरांना क्रमांक घालून परत फिरायचे. पुण्यामुंबईच्या वाचकास हा हंगामाचा हिशेब कृत्रिम वाटेल. नगर जिल्ह्यातल्या वाचकास वाटणार नाही. आमचे सारे जीवितच हंगामावर चालते. दसऱ्यादिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोपी उभ्या राहतात, गव्हाणीत मोळी पडते, आणि उन्हाळ्यात सारे जसे आले तसे नाहीसे होते. पुरातत्त्वाचे लोकही आमच्याकडे याच दिवसांत येत. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे येथे सांकलिया व देव यांनी उत्खनन केले ते 1950-51 च्या हिवाळ्यात. आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला तोही 1950-51 चाच. एकाच थंडीत, एकाच नदीच्या काठी, एकीकडे उसाचे कांडे आणि दुसरीकडे ताम्रयुगीन खापर, अशी दोन पिके निघू लागली. त्यांपैकी एकाने जिल्ह्यास आमदार, खासदार व मंत्री पुरवले. दुसऱ्याने एका अख्ख्या संस्कृतीस जोर्व्याचे नाव दिले, आणि त्या नावाचा उमेदवार अद्याप कोणत्याही निवडणुकीस उभा राहिलेला नाही.

पुरातत्त्वज्ञास गुप्तहेर करण्याची कल्पना मेर्ट्झबाईंच्या एकटीची नव्हे, हे मी पुढच्या वाचनात शिकलो. अगाथा ख्रिस्तीने 1930 साली मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशीच लग्न लावले, ती त्याच्यासंगे इराकातल्या छावण्यांत राहिली, आणि निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतील माती तिने आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने काढली. (हा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवल्यापासून आमच्या घरातील क्रीमची डबी माझ्या हातापासून दूर, फडताळाच्या वरच्या फळीवर गेली आहे.) अलीकडे एली ग्रिफिथ्स या लेखिकेची रूथ गॅलोवे 2009 पासून 2023 पर्यंत पंधरा कादंबऱ्यांतून इंग्लंडच्या खाजणांतील हाडे मोजत होती; तीही मला आवडते, पण तिच्या आयुष्यात पाऊस फार, आणि पाऊस कंटाळवाणा वाटण्याची चैन आमच्या जिल्ह्यास परवडत नाही. आमच्या मराठीत मात्र ही शाखा फुटलीच नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचा झुंजार काय, काळा पहाड काय किंवा धनंजय काय, जमिनीत हात खुपसून खापर काढण्याइतकी सवड त्यांपैकी कोणासच नव्हती. सत्यजित राय यांचा फेलूदा चोरीस गेलेल्या मूर्तीच्या पाठलागावर वेरूळपर्यंत येऊन गेला. तेथून नगरच्या रस्त्यास लागून प्रवरासंगमाचा पूल ओलांडला असता तर नेवासे किती दूर होते? पण तो कलकत्त्यास परत गेला. मोठी माणसे औरंगाबादेहून परत फिरतात, हा आमचा जुनाच अनुभव आहे.

आता, वीस पुस्तकांची ही मालिका वाचताना सुख नेमके कशाचे, असा प्रश्न मला भाच्याने विचारला होता. खुनाचे म्हणावे, तर सातव्या पुस्तकापासून पुढे कोण कोणाला मारतो याकडे माझे लक्षच नसते. त्या मंडळींचा तंबू पुन्हा लागला, एमर्सन पुन्हा ओरडला, बाईने पुन्हा छत्री परजली, एवढ्याने माझा जीव भांड्यात पडतो. शिवाय ही माणसे वयाने वाढतात. अर्नाळकरांचा झुंजार माझ्या शाळकरी वयात जसा होता तसाच मी पेन्शनीत निघेपर्यंत राहिला. उलट या कुटुंबातील रॅमसिस नावाचे मूल, जे बालपणी न थांबता पानेच्या पाने बोलत असे, ते पुढे मोठे झाले, प्रेमात पडले, अबोल व बापाइतके हट्टी बनले, आणि 1884 मध्ये सुरू झालेली कथा तुतनखामेनच्या थडग्याचा शोध लागला त्या 1922 सालापर्यंत येऊन पोचली. आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा संसार म्हातारा होताना पाहणे यात, विशेषतः त्याचा खर्च आपल्याला पडत नसल्यास, एक अनिर्वचनीय समाधान आहे.

सौ. यातले काहीच करत नाही. ती पुस्तक हाती आल्याबरोबर शेवटचे प्रकरण उघडते, खुनी कोण ते पाहते, पुस्तक मिटते, आणि नंतर आठवडाभर मी वाचत असताना दर दहा पानांनी माझ्याकडे अशा काही करुणेने बघते की डॉक्टरने नातेवाइकांस बाहेर बोलावून सांगितलेले दुखणे आपल्यालाच झाले आहे असे वाटू लागते. हे वाचन नव्हे, हा वाङ्मयीन दरोडा होय, असे माझे फार वर्षांचे मत होते. ते मला सोडावे लागले ते आमच्याच गावच्या उत्खननामुळे.

आमचे नेवासे जगाला ठाऊक आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. शके 1212 मध्ये ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली तो पैस आजही येथे आहे, आणि गावात येणारा प्रत्येक पाहुणा तो पाहून, मोहिनीराजाचे दर्शन घेऊन, जेवून परत जातो. नदीकाठच्या लाडमोड नावाच्या टेकाडाकडे कोणी फिरकत नाही. तेथे 1954 ते 1956 आणि पुन्हा 1959 ते 1961 या काळात डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आपल्या सहकाऱ्यांसह उतरले. वरच्या थरात मराठेशाही व मुसलमानी अंमलाचे अवशेष, त्याखाली सातवाहनांचा काळ आणि त्या काळी रोमन मद्य ज्यांतून येई त्या कुंभांचे तुकडे, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, आणि नदीच्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे, अशी ही उतरंड. तिचा जो जाडजूड अहवाल 1960 साली निघाला त्याचे इंग्रजी नावच मुळी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे अशा अर्थाचे आहे. ते वाचले आणि मी हातातली अमेलिया खाली ठेवली. जगातील यच्चयावत पुरातत्त्वज्ञ शेवटचे पान आधी वाचतात! मातीचे पुस्तक त्यांच्यापुढे पालथे पडलेले असते. शेवटचे प्रकरण सर्वांत वर आणि ‘आटपाट नगर होते’ ते सर्वांत तळाशी. म्हणजे तीस वर्षे जिला मी दरोडेखोर म्हणत होतो ती डेक्कन कॉलेजच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने वाचत होती. मी ही गोष्ट तिला अर्थातच सांगितली नाही.

याच टेकाडात एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तीन हजार वर्षे जमिनीत राहून दोरा कुजून जावयाचा. परंतु तांब्याचा गंज त्यात मुरला आणि मण्यांच्या भोकांतला तेवढा दोरा टिकून राहिला. तो तपासला तर त्यात रेशीम आणि कापूस निघाला. हे त्या काळच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक मानतात, आणि ते खरेच आहे. अमेलियाबाईंनी हा दोरा पाहिला असता तर त्यावरून त्यांनी व्यापारमार्ग, विणकर, सावत्र आई आणि खुनाचा हेतू असे सर्व काही शंभर पानांत सिद्ध केले असते. मी मात्र त्या दोऱ्यापाशी फार वेळ थांबू शकत नाही. मुलाच्या गळ्यात माळ घालून, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून, त्यांत त्याला निजवून, घराच्याच जमिनीखाली पुरत. दूर नेत नसत. एवढेच मी वाचतो आणि पान उलटतो.

हे आडवे रांजण मी लक्षात ठेवावयास हवे होते. मागल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराची शहाबादी फरशी जागोजागी खचली म्हणून ती काढून नवीन बसवण्याचे ठरले. गवंड्याने एका कोपऱ्यात पहार घातली ती ‘ठण्ण’ न करता ‘ठप्प’ झाली, आणि त्याने हाक मारली, ‘‘अण्णा, हिकडं या बरं.’’ खाली मडके होते. त्यावर दुसरे मडके पालथे घातलेले होते. दोहोंच्या सांध्यास चुना लिंपला होता. माझी त्या क्षणीची अवस्था वर्णन करण्यास एमर्सनचा आवाज पाहिजे. मी गवंड्यास जागचे हलू नये असा हुकूम केला, घमेले बाजूला ठेवविले, पट्टीने खोली मोजली, भाच्यास पुण्याला फोन लावला, आणि शेजारी राहणारे निवृत्त हवालदार काय गडबड आहे म्हणून डोकावले तेव्हा त्यांना गंभीरपणे सांगितले की, लाडमोडापासून पायी चालण्याच्या अंतरावर, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेली दोन मृद्भांडी मिळणे याचा अर्थ एकच होतो. हवालदारांनी टोपी काढली. मग त्यांना अर्थ समजला नसावा, कारण ते म्हणाले, ‘‘किती तोळे असेल?’’

तासाभरात स्वयंपाकघरात नऊ माणसे जमली आणि दोन पक्ष पडले. सोन्याच्या पक्षाचे नेते हवालदार; त्यांचे म्हणणे आधी पंच बोलवा, पंचनामा करा, मुद्देमाल मोहरबंद करा, मग उघडा. अस्थींच्या पक्षात मी एकटा. निखात निधीचा 1878 सालचा कायदा मला नोकरीमुळे पाठ होता: दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, आणि ठेव्यास कोणी धनी न निघाल्यास नि करारमदार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागामालकास मिळावा. हे मी मोठ्या आवाजात सांगितले तेव्हा गवंडी पहार टेकून शांतपणे म्हणाला, ‘‘सापडलं तर मला.’’ सभेचे लक्ष त्यानंतर प्रागितिहासावर राहिले नाही.

सौ. हे सर्व होत असताना मागल्या पडवीत, तात्पुरत्या मांडलेल्या चुलीवर, नऊ माणसांचा चहा टाकत होती. तेथूनच, न उठता, तिने विचारले, ‘‘अहो, मडकी आडवी आहेत का उभी?’’

‘‘उभी,’’ मी म्हणालो.

‘‘कोपरा कोणता?’’

मी दिशा पाहिली. स्वयंपाकघर आग्नेयेस असते; त्यातलाही हा आग्नेय कोपरा होता. मी काही बोललो नाही.

‘‘वास्तुपुरुष आहे तो. सासूबाई सांगायच्या, वास्तुशांतीच्या दिवशी मामंजींनी स्वतः खड्डा खणला आणि कंबर धरून बसले म्हणून. झाका ते, आणि पाया पडा.’’

भाच्याने फोनवरून आग्रह धरल्यामुळे वरचे मडके जरासे उचलले गेले. आत तळहाताएवढी पालथी प्रतिमा, सुपारी, हळकुंड होते की काय असा वाटणारा एक काळा तुकडा, आणि 1944 सालचा भोकाचा पैसा. कायद्याच्या दहा रुपयांपासून हा ऐवज नऊ रुपये, पंधरा आणे, नऊ पै इतका दूर होता. हवालदारांनी टोपी घातली. गवंड्याचा दिवस बुडाला तो मी भरून दिला. गुरुजींना बोलावून पुन्हा पूजा झाली ती वेगळी. आणि वास्तुपुरुष उघडा पडल्याबद्दल आठवडाभर मला दूध नाकारण्यात आले त्याचा जमाखर्च कोठे मांडावा हे मला अद्याप उमगलेले नाही. अमेलियाच्या प्रत्येक पुस्तकात एक वेळ अशी येते की तिने रचलेला सिद्धान्त सर्वांदेखत कोसळतो. तिला तेव्हा व्हिस्की-सोडा मिळतो.

कादंबरीतील मुद्देमालास निदान कोणीतरी सोडवणारा असतो. आमच्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या मुद्देमालाची कथा याहून वेगळी आहे, आणि ती ज्या गावाची, त्याच्या नावावरच मी निम्मा फिदा आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरास दायमाबाद म्हणून स्थळ आहे. दायम म्हणजे नित्य, आबाद म्हणजे वसलेले. ‘सदैव नांदते’ असा ज्याचा अर्थ व्हावा ते हे गाव संपूर्ण ओसाड आहे. महसुली दप्तरात अशा गावास बेचिराग म्हणतात, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. (लोक या शब्दाचे ‘बेचिराख’ करून उगाच आग लावतात, सरकारला अभिप्रेत आहे तो फक्त अंधार.) या अंधाऱ्या जागी 1958 साली बोपर्डीकरांना प्राचीन वसाहतीचा सुगावा लागला. त्याच हंगामात म. न. देशपांडे यांनी, 1974-75 मध्ये एस. आर. राव यांनी आणि तेथून 1979 पर्यंत साळी यांनी तेथे खणले. सुमारे इसवी सनपूर्व 2200 पासून 1000 पर्यंतच्या पाच संस्कृती एकीवर एक रचलेल्या निघाल्या, आणि साळींचा अहवाल 1986 साली छापून आला. हंगाम संपल्यापासून अहवालास सात वर्षे! तेवढ्या अवधीत मेर्ट्झबाई कितीक खुनी पकडून मोकळ्या झाल्या असत्या.

परंतु दायमाबादचे खरे रहस्य यांपैकी कोणाच्याच कुदळीस लागले नाही. ते लागले 1974 साली तेथील एका भिल्ल शेतकऱ्यास, तो झुडुपाच्या बुंध्याशी खणत असता. चार भरीव ब्राँझच्या वस्तू निघाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, रथात उभा सारथी आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. चारांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. प्रवरेच्या काठी, जेथे आम्ही आयुष्यभर म्हशीपलीकडे जाड कातडीचे काही (एकदोन पुढारी सोडून) पाहिले नाही, तेथे गाड्यावर उभा केलेला गेंडा! हे ओतले कोणी? कधी? कशासाठी? राव, साळी, देशपांडे म्हणतात, उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे आजपासून सुमारे चार हजार वर्षांचे. त्यावर डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण दाखवून हरकत घेतली, की यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, एक टक्क्याहून अधिक आहे आणि त्या युगाच्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत अशी मिसळ नाही, सबब हे पुष्कळ अलीकडचे असावे. सोमल हे विष. रहस्यकथेत सोमल निघाला की प्रकरण संपत आले म्हणून वाचक चष्मा पुसतो. येथे सोमलापासून वाद सुरू झाला.

आणि या साऱ्या वादाचे मूळ, माझ्या कारकुनी बुद्धीस दिसते ते असे, की पंचनामा झालेला नव्हता. वस्तू कोणत्या थरात, कशाच्या खाली, कशाशेजारी होत्या, हे मातीच्या त्या पानावर लिहिलेले होते. वस्तू बाहेर आल्या आणि पान फाटले. यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? तो झुडूप काढत होता. इजिप्तमध्ये अशा प्रसंगी एमर्सन दोन्ही हात आकाशाकडे करून गर्जला असता, आणि त्याची ती गर्जना मी पूर्वी विनोद म्हणून वाचीत असे.

दायमाबाद प्रत्यक्ष पाहावे असे फार दिवस मनात होते. माघात, थंडी ओसरत आली असता, भाच्याच्या जीपमधून आम्ही तिघे निघालो. सौ.ने ऊन लागते म्हणून काळी, लांब दांड्याची छत्री घेतली होती, आणि बांधावरून चालताना ती छत्रीने बाभळीच्या फांद्या अशी काही बाजूस सारत होती की एकोणीस पुस्तकांत जी मूर्ती मी कल्पनेने पाहिली ती सहावारीत नेवाशास येऊन राहिली असल्याचा मला साक्षात्कार झाला. टेकाडावर पाहण्यासारखे फारसे काही नव्हते: खुरटे गवत, शेळ्यांच्या वाटा, पायाखाली करकरणारी भुरकट पांढरीची माती, आणि तिच्यात जागोजागी खापरे. शेजारच्या रानातला एक मनुष्य जवळ आला.

‘‘सर्व्हेवाले का?’’

‘‘नाही. सहज पाहायला.’’

‘‘खापऱ्या पाह्यता व्हय? न्या की पिशवी भरून. आमच्या आज्याच्या टायमाला लोकांनी गाड्यानं पांढरी नेली रानात टाकायला. लई चांगली पिकती.’’

मी एक खापर उचलले. तांबूस, पातळ, वर काळ्या रेघा. बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज. हीच ती जोर्वे पद्धतीची भाजणी, जिच्या तोटीच्या भांड्यांची चित्रे पाहिली म्हणजे आजीच्या पूजेच्या झारीची आठवण होते. माझ्या हातात तीन हजार वर्षे होती. मग पंचनामा आठवला, आणि ते खापर मी होते त्याच खळग्यात, होते तसेच ठेवले. भाचा हसला. ‘‘मामा, तोंड पूर्वेला होतं त्याचं.’’ मी ते फिरवून ठेवले.

सौ. त्या शेतकऱ्याशी बोलत उभी होती. पाणी कुठून घेता, असे तिने विचारले. नदीतून, तो म्हणाला. बंधाऱ्याला असले तर. नसले की बोंब. एका वर्षी नदी पार आटली, जनावरे विकली, मुले पुण्याला गेली.

‘‘मग तेही त्याचसाठी गेले असतील,’’ सौ. टेकाडाकडे छत्रीचे टोक करून म्हणाली.

मधुकर ढवळीकरांनी इनामगावच्या उत्खननाच्या आधारे, पाऊसमान घटत गेले म्हणून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही गावे ओस पडली, असे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी हाडे, धान्य, घरांचे बदललेले आकार असा वर्षानुवर्षांचा पुरावा त्यांनी गोळा केला. आरोपी अवर्षण. तीन हजार वर्षे फरारी असलेला हा इसम दर दोनतीन वर्षांनी आमच्या जिल्ह्यात उघडपणे हिंडतो, पाथर्डी-कर्जत-जामखेडास मुक्काम करतो, त्याच्या नावाने टँकरची बिले निघतात, आणि मी स्वतः पैसेवारीच्या तक्त्यांत त्याची नोंद कित्येकदा घेतलेली आहे. परंतु दायमाबादच्या टेकाडाशी त्याचा संबंध जोडण्याचे मला कधी सुचले नाही. आणि हिने शेवटचे पान पाहिलेलेसुद्धा नव्हते.

परतताना भाच्याने गेंड्याचा प्रश्न पुन्हा काढला. सौ. म्हणाली, गेंड्याचे तिला ठाऊक नाही, पण खाली चाके आहेत म्हणजे कोणीतरी तो ओढत असणार, आणि चौघे मिळून साठ किलो ओढायचे म्हणजे पोरांचे खेळणे नव्हे, देवाचे असेल. यावरही विद्वानांचे लेख आहेत. मी गप्प राहिलो.

विसावे पुस्तक मी अजून उघडलेले नाही. ते फडताळात, क्रीमच्या डबीशेजारी आहे. सौ.ने त्याचे शेवटचे प्रकरण केव्हाच वाचले असून, घरात मी कशावरून आवाज चढवला की ती नुसती त्या फळीकडे बघते.

दायमाबादेहून आल्यावर चारपाच दिवसांनी न्हाणीघरात, नेहमीच्या वजरीच्या जागी, मला एक तांबूस, काळ्या रेघांचे खापर दिसले. मी ते हातात घेऊन बाहेर आलो. ‘‘हे कुठून आलं?’’

‘‘छत्री झाडली त्यातून पडलं. पाय घासायला बरं आहे.’’

मी तिला सांगितले की हे तीन हजार वर्षांचे आहे; तेथून उचलता कामा नये, जागचे हलले की त्याची साक्ष गेली; येत्या रविवारी ते परत नेऊन ठेवले पाहिजे. तिने ते माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले, नखाने वाजवून पाहिले.

‘‘तरीच,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर हल्लीच्या वजऱ्या महिनाभर टिकत नाहीत.’’